भिंगरीचे सात चष्मे

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना चष्मा आहे त्यांच्या नाकावर मी एकदा तरी बसलेली असेन. मी नाही तर माझी एखादी बहीण. आठवतंय का? दुकानाच्या आतल्या खोलीत तुम्हाला उंच खुर्चीवर बसवलं, एक जड, थंडगार, दोन गोल कड्यांची चौकट कानांवर अडकवली आणि कोणीतरी तिच्यात एकामागून एक काचा टाकत विचारू लागलं, "ही बरी की ती बरी?" तीच मी. नंबर काढायची चौकट. मला घालून आजवर कोणीही सुंदर दिसलेलं नाही. समोरच्या आरशात स्वतःला बघून लहान मुलं खिदळतात आणि मोठी माणसं ओशाळतात. पण माझ्याइतकं जवळून तुमच्या डोळ्यांत कोणी बघितलेलं नसतं, तुमच्या आईनेसुद्धा नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. माझी डावी बाजू जरा वाकडी आहे, त्याची हकीकत पुढे येईलच. मी हजारो डोळे पाहिले. काळे, घारे, पिंगट, रडून लाल झालेले, लग्न ठरल्याने चमकणारे. ते सगळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एकच जोडी तेवढी मिसळत नाही. माझा खण बंद झाला की ते दोन डोळे माझ्या दोन्ही कड्यांत येऊन बसतात आणि माझ्या पलीकडे कोणाला तरी बघत राहतात. आजची ही गोष्ट त्यांचीच आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर तोंडाने सतत पुटपुटत काम करी आणि काम मनासारखं झालं की गप्प होई. माझ्या कड्यांवर अर्धगोलात बारीक आकडे कोरताना तो सकाळभर गप्प होता, म्हणून मी स्वतःला बऱ्यापैकी समजते. नाकाजवळ एक, कानांजवळ दोन असे स्क्रू त्याने मला दिले. ते पिळले की मी चिमुरडीच्या चेहऱ्यालाही बसते आणि पैलवानाच्याही. मग मला मखमल लावलेल्या लाकडी पेटीत ठेवलं. पेटीत दोनशेच्या वर काचा रांगेने उभ्या होत्या, आणि अगदी शेवटच्या खाचांत दोन काळ्या चकत्या. एका डोळ्याचा नंबर काढताना दुसरा डोळा झाकायचा असतो, त्यासाठी त्या असतात. दोन डोळ्यांना दोन चकत्या एकदम कोणी कधीच लावत नाही. तसं करायचं काही कारणच नसतं.

ज्यांनी मला घेतलं त्यांना सगळी गल्ली दादा म्हणे. खरं तर ते एकाच माणसाचे दादा होते, त्यांच्या धाकट्या भावाचे. पण तो दिवसभर दुकानात "दादा, दादा" असा पुकारा करत असे, त्यामुळे गिऱ्हाइकांनाही तीच सवय लागली. त्याच न्यायाने दादांची बायको सगळ्यांची वहिनी झाली. धाकट्याला मात्र सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी तो एका जागी घटकाभर बसत नसे, म्हणून. सतरा वर्षांचा झाला तरी बसत नव्हताच.

दुकान तसं चिंचोळं होतं. पुढे काउंटर, मागे काचा घासायची जागा आणि मधे पडदा लावून केलेली तपासणीची खोली. ही खोली इतकी आखूड की अक्षरांची पाटी समोर टांगली असती तर ती बसणाऱ्याच्या नाकालाच लागली असती. म्हणून पाटी खुर्चीच्या मागे, डोक्याच्या वर लावली होती आणि समोरच्या भिंतीवर आरसा. पाटीवरची अक्षरं उलटी छापलेली होती, आरशात ती सुलटी दिसत. म्हणजे माणूस बघायचा पुढे आणि वाचायचा पाठीमागचं. अशा खोल्या पुष्कळ दुकानांत असतात. आरसा लक्षात ठेवा.

दुकान उघडलं त्या दिवशी मला पहिल्यांदा घातलं भिंगरीने. गिऱ्हाईक यायला अवकाश होता आणि दादांना हात साफ करायचा होता. मी त्याच्या नाकावरून तीन वेळा घसरले, कारण तो हसत होता. त्याच्या उजव्या डोळ्यात बाहुलीच्या खाली तिळाएवढा सोनेरी ठिपका होता. दादांनी छोटी बॅटरी पेटवली आणि त्याच्यासमोर डावीकडून उजवीकडे हळूहळू नेली.

"बॅटरीबरोबर यायचं. डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे."

"आणि मान खाजली तर?"

"खाजू दे."

भिंगरीचे डोळे बॅटरीबरोबर सरकले, तेल दिलेल्या बिजागरीसारखे. कुठे खटका नाही, कुठे थांबा नाही. नंबरही निघाला नाही. दादा म्हणाले, "जा, तुझे डोळे अगदी शहाणे आहेत, तूच तेवढा नाहीस." मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुढे ते आठवलं की माझे स्क्रू ढिले होत.

आमचे कामाचे दिवस चांगले गेले. दादांचा हात हलका होता आणि नजर पक्की. एकदा एका ड्रायव्हरने आमची पाटी पाठ करून ठेवली होती. दादांनी गुपचूप दुसरी पाटी लावली, तरी तो बिचारा जुन्या पाटीवरची अक्षरं घडाघडा म्हणत राहिला. दादा हसले, पण चष्मा लावूनच त्याला सोडला. आणखी एक गोष्ट त्यांच्यात होती, ती फार थोड्या चष्मेवाल्यांत असते. डोळ्यात काही वेगळं दिसलं की ते चष्माच करून देत नसत. "नंबराचं नंतर बघू. आधी डॉक्टरकडे जा, साखर तपासून घ्या," असं म्हणून गिऱ्हाईक सरळ परत पाठवत. एक मास्तर तर महिन्याभराने नुसते हात जोडायला आले होते. तुम्ही बोललात म्हणून वेळेवर कळलं, म्हणाले. त्या दिवशी दादांनी मला दोन वेळा पुसलं.

मागे घासचाकावर भिंगरी बसे. पाण्याची धार धरून काच चष्म्याच्या आकाराला आणायची, हे त्याचं काम. पायाने ताल धरत, कसलीतरी धून गुणगुणत तो काचा घाशी. त्याची एक करामत होती. डोळे मिटून भिंगावर अंगठा फिरवायचा आणि नंबर सांगायचा. दादा मुद्दाम काचांच्या पुड्यांची अदलाबदल करत, पण तो फसत नसे. वहिनी म्हणे, "भावोजींचे डोळे अंगठ्यातच आहेत." हाही अंगठा लक्षात ठेवा.

भिंगरी बावीस वर्षांचा झाला त्या वर्षी एक काच चुकली. मग दुसरी. चूक कोणाकडूनही होते, पण तो गुणगुणायचा थांबला होता, हे चाकाच्या आवाजावरून मला पडद्याआडूनही कळत होतं. एका सकाळी तो स्वतःच खुर्चीवर येऊन बसला.

"दादा, अक्षरं जागेवर राहत नाहीत. बघ ना जरा."

दादांनी मला त्याच्या कानांवर लावलं. पाच वर्षांनी तो सोनेरी ठिपका मला पुन्हा दिसला आणि बरं वाटलं. दादांनी नेहमीसारखी बॅटरी डावीकडून उजवीकडे नेली.

मित्रांनो, त्याचे डोळे अडखळले. बॅटरी सरळ चालली होती आणि डोळे मागे पडत होते, मग एकदम झेप घेऊन तिला गाठत होते, पुन्हा मागे पडत होते. घड्याळाचा सेकंद काटा कसा टकटक करत जातो, तसे. दादांनी बॅटरी पुन्हा नेली, या खेपेला हळू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नेता नेता दादांनी बॅटरी मधेच विझवली. त्यांनी ते पाहिलं होतं. मी शपथेवर सांगते, त्यांनी पाहिलं होतं, कारण त्यांचा श्वास माझ्या कड्यांवर येऊन थांबला होता.

"थकलायस," ते म्हणाले. "आणि थोडासा नंबर आलाय."

नंबर आलेला नव्हता. पाव नंबरही नाही. पण त्यांनी पावाची काच लावली आणि भिंगरीने स्वतःचाच चष्मा स्वतः घासून बसवला. तो पहिला.

दुसरा दोन महिन्यांनी झाला, तिसरा त्यानंतर. दर वेळी मी त्याच्या नाकावर बसत होते आणि दर वेळी मला काहीतरी बदललेलं दिसत होतं. त्याची पापणी लवेनाशी झाली. इतर माणसांच्या पापण्या माझ्यासमोर फडफडतात, कोणाकोणाच्या तर कडीला घासतात. भिंगरीची पापणी मी मोजत बसे आणि मोजणं विसरून जाई, इतक्या वेळाने ती मिटे. तो दादांकडे बघेनासा झाला. बघितलंच तर त्यांच्या कानाच्या बाजूला, कोणी तिथे टेकून उभं असावं तसा. डोळ्यांखाली काळं साचलं. हे सगळं न झोपल्यानेही होतं, तापाने होतं, एखाद्या औषधानेही होतं. डोळ्यांत एवढं दिसलं म्हणजे अमुकच आजार असं नसतं. पण विचारायला तर हवं होतं. दादांनी फक्त एकच विचारलं, "ही बरी की ती बरी?"

चौथ्या चष्म्याच्या वेळची गोष्ट. भिंगरी वरून तिसरी ओळ वाचत होता. मधेच तो थांबला.

"दादा, पाटीपाशी कोण उभं आहे?"

"कुठे?"

"आरशात. माझ्या मागे. पाटीला हात लावून."

दादांनी त्याच्या मागे पाटीकडे पाहिलं. मीही आरशात पाहिलं, मी तर त्याच्या डोळ्यांवरच होते, तो जिकडे बघेल तिकडे मला बघावंच लागे. आरशात पाटी होती, भिंत होती, भिंतीवरचा पंख्याच्या धुळीचा डाग होता. कोणी नव्हतं. पण त्याचे डोळे कोणाला तरी बघत होते. त्या माणसाची उंची किती आहे, तो किती जवळ आहे, तो आत्ता हलला, हे सगळं त्या डोळ्यांत दिसत होतं. माझ्या आयुष्यात मला भीती वाटली ती तेव्हा.

दादा हसले. ते हसणं पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजलं. "अरे, आरसा मळलाय," ते म्हणाले आणि त्यांनी आरसा पुसून काढला. दुसऱ्या दिवशी पाटी हातभर सरकवून लावली. त्यापुढच्या आठवड्यात आरशाला पडदा लावला. गिऱ्हाईक आलं की पडदा वर, गेलं की खाली. पाचव्या चष्म्याला त्यांनी काळसर काचा दिल्या. उजेड डोळ्यांना त्रास देत असेल, म्हणाले.

वहिनी दुपारी डबा घेऊन दुकानात येत असे. एके दिवशी भिंगरी मागच्या जागेत बसून होता, चाक बंद होतं. मी काउंटरवर होते. वहिनीने डबा ठेवला आणि उघडलाच नाही.

"अहो, भावोजी डोळ्याला डोळा देत नाहीत हल्ली. मघाशी मी हाक मारली तर माझ्या मागे बघत बोलले."

"नंबर बदलतोय त्याचा."

"किती वेळा बदलतो हो नंबर? वर्षात पाच वेळा? परक्या माणसाच्या डोळ्यात एवढंसं दिसलं तर तुम्ही त्याला डॉक्टरकडे धाडता. आणि घरच्या माणसाला काच बदलून देता?"

दादा मला हातात घेऊन माझा नाकावरचा स्क्रू उगीचच उलटसुलट पिळत राहिले. मग इतक्या हळू आवाजात बोलले की वहिनीला वाकून ऐकावं लागलं.

"हे डोळे मी आधी बघितलेत गं. आमच्या मामाचे."

वहिनीला लग्नानंतर इतक्या वर्षांत कोणी मामा माहीत नव्हता. दादा सांगू लागले. त्यांच्या आजोळी मागच्या अंगाला एक खोली होती. दाराला बाहेरून कडी. लहानपणी दादांकडे एक काम असे, दाराखालच्या फटीतून ताट सरकवायचं. एकदा त्यांनी वाकून फटीतून आत पाहिलं, तर पलीकडून दोन डोळे जमिनीला टेकून बघत होते. दादांकडे नाही, दादांच्या मागे. ते डोळेही असेच अडखळत होते. मामाला कोणी कधी कुठे दाखवलं नाही. घराचं नाव जाईल म्हणून. तो त्या खोलीतच गेला, आणि त्यानंतर घरात त्याचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही.

"भिंगरीला काही झालेलं नाही," दादा म्हणाले. "मी तोंडाने एकदा म्हटलं ना, की मग ते खरं होईल. त्याला कोणी कडी लावलेली मला बघवणार नाही."

"म्हणून तुम्ही स्वतःचे डोळे मिटून घेतलेत?" वहिनी म्हणाली, आणि तिने डबा तसाच ठेवून पदराने डोळे टिपले.

मला तेव्हा वाटलं, आता दादा उठतील, मागे जातील, भावाच्या खांद्यावर हात ठेवतील. ते उठलेही होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मित्रांनो, गिऱ्हाईक नेहमी तेवढ्यातच येतं.

सहावा चष्मा भिंगरीने दोन दिवस घातला आणि ठेवून दिला. म्हणाला, यातून तो जास्तच स्वच्छ दिसतो. मग दादांनी ते केलं जे आमच्या धंद्यात कधी कधी करतात. काही गिऱ्हाइकं असतात, त्यांना नंबर नसतो पण चष्मा हवाच असतो. अशांना बिननंबरी साधी काच लावून देतात. माणूस चष्मा घालतो, "आता कसं लख्ख दिसतं" म्हणतो आणि खूश होऊन जातो. कोणाचं काही बिघडत नाही. दादांनी सातवा चष्मा तसाच केला. या वेळी घासायला भिंगरीकडे न देता सकाळी लवकर येऊन स्वतः घासला. नवीन प्रकारची काच आली आहे, याने सगळं थांबेल, असं सांगून त्याच्या हातात ठेवला.

भिंगरीने चष्मा घेतला. घालण्याआधी सवयीने त्याने डोळे मिटले आणि काचेवर अंगठा फिरवला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

जगातल्या इतर कोणत्याही माणसाला हे फसवणं चाललं असतं. ते दादांनी नेमकं त्या एकाच माणसाच्या बाबतीत केलं, ज्याला ते अंगठ्याने कळणार होतं.

"दादा, ही नुसती काच आहे."

दादा चष्म्याची रिकामी डबी उघडमीट करू लागले.

"काहीच नाहीये हिच्यात," भिंगरी म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तो म्हणतच होता. सगळे मिळालेले आहेत, तुझा दादापण. मी म्हटलं, दादा नाही." त्याने चष्म्याची घडी घातली, नीट डबीत ठेवला आणि मागे जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दादा बाहेरच्या कपाटाची काच पुसत असताना, भिंगरी तपासणीच्या खोलीत आला. त्याने मला पेटीतून उचललं. मला वाटलं, नंबर बघतोय स्वतःचा. पण त्याची बोटं काचांच्या रांगेवरून थेट शेवटच्या खाचांशी गेली. एक काळी चकती त्याने माझ्या उजव्या कडीत टाकली, दुसरी डाव्या कडीत. मग मला घातलं आणि माझे स्क्रू इतके घट्ट पिळले की मी त्याच्या कानांत रुतले.

"आता बघू कसा दिसतोस," तो म्हणाला. माझ्याशी नव्हे.

आणि तो मागच्या दाराने रस्त्यावर आला. मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाबाहेर पडले होते आणि मला काही दिसत नव्हतं. आवाज तेवढे येत होते. एका हातगाडीची चाकं, कोणाचं तरी हसणं, "अहो, बघून चाला" असं कोणीतरी ओरडलेलं. माझ्या आत, त्या अंधारात, त्याचे डोळे मिटलेले नव्हते. मला पापण्या जाणवत होत्या. डोळे सताड उघडे होते आणि डावीकडून उजवीकडे टकटक करत फिरत होते. चकत्यांचाही उपयोग झाला नव्हता. जो दिसत होता तो बाहेर कधी नव्हताच.

मग ब्रेकचा आवाज झाला. मी त्याच्या चेहऱ्यावरून उडाले आणि डाव्या बाजूवर आपटले.

टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून भिंगरी वाचला. पायाचं हाड मोडलं, कपाळाला खोक पडली. दादा अनवाणी धावत आले. त्यांनी आधी भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग बाजूला पडलेल्या मला पाहिलं, दोन्ही कड्यांत दोन काळ्या चकत्या. त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं. पुढचे चार दिवस मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते, म्हणून दवाखान्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक आहे.

मनाच्या आजारांची एक डॉक्टरीण भिंगरीला बघायला येई. तिने त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली नाही की आरसा दाखवला नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "झोप लागते का तुम्हाला?" एवढंच. ती उत्तरासाठी थांबून राहिली. मग भिंगरी सांगू लागला, दीड वर्षाचं, आणि ते ऐकताना दादांची छाती माझ्यावर धडधडत होती. तो माणूस पाटीपाशी केव्हा आला, काय काय बोलतो, कोणाकोणाच्या मागे उभा राहतो. दादांना सांगायचं म्हणून तो पुन्हा पुन्हा खुर्चीवर येऊन बसत होता. अक्षरांचं निमित्त होतं.

बाहेर आल्यावर दादा डॉक्टरणीला म्हणाले, "माझा धंदा डोळ्यांचा आहे हो. मी डोळ्यांवरूनच ओळखायला हवं होतं."

"नुसत्या डोळ्यांवरून कोणी हा आजार ओळखू शकत नाही. मीसुद्धा नाही," ती म्हणाली. "कधी कधी डोळ्यांत फरक दिसतो, कधी काहीच दिसत नाही. पण तुम्हाला दिसला होता ना?"

दादांनी होकारार्थी मान हलवली.

"मग तेव्हाच त्यांना विचारायचं होतं. लवकर आलं की आम्हाला जास्त करता येतं. आता मात्र येत राहा. आणि कोणीही कुठेही कडी लावणार नाहीये." हे शेवटचं ती का बोलली, कोण जाणे. बहुधा वहिनीने तिला सांगितलं असावं.

भिंगरी बरा झाला, असं मी म्हणणार नाही. तो सावरला. औषधं चालू राहिली, काही बदलावी लागली, मधे एकदा पुन्हा महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं. तो घासचाकावर परत आला तो वर्षाने, सकाळचे दोन तास. चाक पुन्हा फिरू लागलं, पण गुणगुणणं परत आलं नाही. ते दीड वर्षात कुठेतरी घासून गेलं. वहिनीने आरशाचा पडदा काढून टाकला. एकदा तिने सरळच विचारलं, "भावोजी, तो येतो का अजून?"

"कधीमधी येतो," भिंगरी म्हणाला. "पण आता आला की मी तुम्हाला सांगतो, मग तो जरा लांब उभा राहतो."

मला मात्र दादांनी पुन्हा हात लावला नाही. दुकानात नंबर काढायचं विजेवर चालणारं यंत्र आलं, हनुवटी ठेवली की आपोआप आकडे सांगणारं. मी वाकड्या अंगाने खणात पडून राहिले, आणि माझ्या शेजारी भिंगरीचे सात चष्मे, एकेका डबीत. दादांनी ते फेकले नाहीत आणि उघडलेही नाहीत. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या अपघाताच्या दिवसापासून दादा आपल्या भावाच्या डोळ्यांकडे बघत नसत. बोलत, जेवायला वाढत, औषधाची वेळ सांगत, पण बघत जमिनीकडे. आता नजर चोरत होते ते. अशी नऊ वर्षं गेली.

परवा सकाळी खण उघडला. उजेड आत आला आणि एक अंगठा माझ्या वाकड्या कडीवरून फिरला. तो अंगठा मी कुठेही ओळखला असता. भिंगरीच्या कानशिलांवर आता पांढरे केस आहेत. त्याने मला पकडीत धरून थोडं थोडं सरळ केलं, अगदी पूर्ण नाही, आणि फडक्याने पुसलं.

दादांना हल्ली अंधुक दिसतं. नव्या यंत्राने आकडे काढून दिले होते, पण ते खुर्चीवर बसून तक्रार करत होते की या यंत्राला काही कळत नाही.

"थांब, जुन्या चौकटीने बघू," भिंगरी म्हणाला.

मला बघून दादांचा चेहरा उतरला. पण भिंगरीने यंत्राच्या आकड्यांच्या दोन काचा माझ्यात टाकल्या, मला त्यांच्या कानांवर अलगद लावलं आणि स्क्रू पिळले, बेताने, रुतणार नाही असे. इतकी वर्षं मला दुसऱ्यांना घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर मी पहिल्यांदा आले होते. भिंगरीने बॅटरी घेतली, पेटवली, आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, विझवून खिशात टाकली.

"दादा, इकडे बघ. माझ्याकडे."

दादांची नजर खाली होती. मग ती भिंगरीच्या सदऱ्याच्या गुंडीपर्यंत आली. मग गळ्यापर्यंत. मी वाट बघत होते. अखेर ती वर आली, आणि माझ्या दोन्ही कड्यांतून त्यांनी आपल्या भावाच्या डोळ्यांत पाहिलं. सोनेरी ठिपका तिथेच होता.

"झोप लागते का तुला?" भिंगरीने विचारलं.

भिंगरी थांबला. खुर्ची ओढून समोर बसला आणि थांबला. बाहेर काउंटरवर गिऱ्हाईक आलं होतं, वहिनी त्याला म्हणाली, "जरा बसा, वेळ लागेल."

"नाही रे," दादा म्हणाले. "त्या दिवसापासून नाही." आणि माझ्या दोन्ही काचा आतून धुरकटल्या.

मित्रांनो, मला तोंड नाही, म्हणून जे मी पाहिलं ते वेळेवर सांगू शकले नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरात कोणी नजर चुकवू लागलं, कोणाचे डोळे तुमच्या मागे बघू लागले, हसरे डोळे हसेनासे झाले, तर घाबरू नका, नावं ठेवू नका आणि काच बदलून देऊ नका. समोर बसा आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागतो. दादांना नऊ वर्षं लागली. तेवढं थांबायची वेळ कोणावर येऊ नये, पण आली तर थांबा, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच तर त्याला बसायला सांगा.